कमजोर हार्टला हळू करायची गोळी का देतात?

ज्यांना हेडफोन लावता येत नाही, लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून वाचायचंय, त्यांच्यासाठी या आठवड्याच्या एपिसोडचा हा मजकूर. बोलताना मी दोन-तीन ठिकाणी अडखळलो होतो, ते इथे सरळ केलंय. बाकी जसं बोललो तसंच.

सुरुवात एका फोनपासून करतो. माझे मामा, वय ५८, सांगलीजवळ राहतात, स्वतःचं दुकान आहे. गेल्या वर्षी त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली, पायावर सूज दिसायला लागली. इको केला. रिपोर्टमध्ये ईएफ ३० टक्के. म्हणजे काय, तर हार्टचा डावा खालचा कप्पा पूर्ण भरला की त्यातलं जेवढं रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, त्याची टक्केवारी. धडधाकट माणसात ती साधारण ५५ ते ७०च्या दरम्यान असते. मामांची ३०. डॉक्टरांनी चार-पाच गोळ्या लिहून दिल्या, त्यातली एक मेटोप्रोलॉल. तीन आठवड्यांनी मामांचा फोन आला.

"अरे, त्यातली एक गोळी मी परवापासून बंद केली."

"का हो मामा?"

"अंगात जोरच राहत नाही. दुकानात बसल्या बसल्या झोप येते. आणि पोरानं नेटवर बघितलं, ती ठोके कमी करायची गोळी आहे म्हणे. आता तू इंजिनिअर आहेस, तूच सांग. हार्ट कमजोर आहे म्हणतात आणि त्याला अजून हळू करायची गोळी देतात. दमलेल्या बैलाच्या गळ्यात कुणी लोढणं बांधतं का?"

खरं सांगतो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कोड लिहितो, मी डॉक्टर नाही. "मामा, आधी डॉक्टरांना फोन करा, आत्ताच करा, बाकीचं आपण रात्री बोलू," एवढंच म्हणालो. पण प्रश्न डोक्यात राहिला, कारण प्रश्न बरोबर होता. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की मामांचा हाच प्रश्न जगभरातल्या हार्टच्या डॉक्टरांनाही पडला होता, आणि त्याचं उत्तर पक्कं व्हायला जवळजवळ २५ वर्षं लागली.

आधी यंत्रणा समजून घेऊ. रात्री गल्लीतून बाइकवर येताय आणि कुत्रं मागे लागलं. छाती धडधडायला लागते. हे होतं कसं? दोन गोष्टी घडतात. किडनीच्या वर बसलेल्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनॅलिन सोडतात, आणि थेट हार्टपर्यंत आलेल्या नसांची टोकं तिथल्या तिथे नॉरॲड्रेनॅलिन सोडतात. हे रेणू पेशीच्या आत जात नाहीत. पेशीच्या बाहेरच्या पडद्यात एक प्रोटीन बसलेलं असतं, धाग्यासारखं सात वेळा आत-बाहेर ओवलेलं. तो रिसेप्टर. हार्टवर जास्त करून बीटा-१ जातीचे असतात, थोडे बीटा-२. दम्याचा पंप ओढल्यावर हात थरथरतात, छाती धडधडते ना, ते याच बीटा कुटुंबातल्या रिसेप्टरमुळे. सॅल्ब्युटॅमॉल फुप्फुसातल्या बीटा-२ साठी बनवलंय, पण ते काही फक्त तिथेच थांबत नाही.

बाहेरून रेणू येऊन बसला की रिसेप्टरचा आकार किंचित बदलतो. आतल्या बाजूला जी-प्रोटीन नावाचा निरोप्या असतो, तो सुटतो आणि एका एन्झाइमला चालू करतो. ते एन्झाइम सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू भराभर बनवायला लागतं. त्यामुळे पीकेए नावाचं दुसरं एन्झाइम जागं होतं, आणि ते पेशीतल्या निरनिराळ्या प्रोटीनवर फॉस्फेटचे शिक्के मारत सुटतं. कॅल्शियम आत घेणाऱ्या दारांवर शिक्का बसला की जास्त कॅल्शियम आत येतं आणि स्नायू जोरात आवळतो. फॉस्फोलॅम्बन नावाच्या ब्रेकवर बसला की कॅल्शियम परत गोदामात वेगाने ओढलं जातं आणि स्नायू लवकर सैल पडतो. जोरात आवळणं आणि पटकन सैल पडणं, दोन्ही हवंच. नाहीतर मिनिटाला १५० ठोके पडताना हार्ट भरणार कधी? मला हे डिझाइन फार आवडलं. एकच इव्हेंट, त्यावर पाच-सहा सबस्क्राइबर, आणि सगळे मिळून एकच काम नीट करतात.

अल्फा आणि बीटा ही वाटणी १९४८ मध्ये रेमंड अल्क्विस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडली. त्याने ॲड्रेनॅलिनसारखी काही द्रव्यं वेगवेगळ्या अवयवांवर वापरून बघितली. कुठलं द्रव्य जास्त जोरदार आणि कुठलं कमी, याचा क्रम फक्त दोनच प्रकारांनी लागत होता. म्हणून तो म्हणाला, रिसेप्टर दोन जातींचे असले पाहिजेत. एका नावाजलेल्या जर्नलने त्याचा पेपर परत पाठवला होता. त्या काळात रिसेप्टर कुणी बघितलेलाच नव्हता, ती नुसती कल्पना होती.

ती कल्पना उचलली जेम्स ब्लॅक या स्कॉटिश माणसाने. त्याच्या वडिलांचा मृत्यू हार्ट अटॅकने झाला होता. सगळे जण हार्टला जास्त ऑक्सिजन कसा मिळेल हे बघत होते. ब्लॅकने उलटा विचार केला: हार्टची ऑक्सिजनची गरजच कमी केली तर? बीटा रिसेप्टरवर जाऊन बसणारा, पण त्याला चालू न करणारा रेणू हवा. चावी कुलपात जाईल, फिरणार मात्र नाही. त्यातून १९६०च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आलं आणि १९८८ मध्ये ब्लॅकला नोबेल मिळालं. एनजायना, ब्लड प्रेशर, अनियमित ठोके, सगळीकडे बीटा ब्लॉकर चालू लागले. हार्टच्या एका आजारात मात्र सक्त मनाई होती. हार्ट फेल्युअर. पुस्तकात लिहिलेलं असायचं की ज्याचं हार्ट कमजोर आहे त्याला हे देऊ नका.

म्हणजे मामांचंच लॉजिक.

आता कमजोर हार्टच्या शरीरात काय चाललेलं असतं ते बघू. जे बॅकएंडवर काम करतात त्यांना हे लगेच पटेल. एखादा सर्व्हर स्लो झाला, रिक्वेस्टला वेळेत उत्तर मिळेना. क्लायंट काय करतो? पुन्हा रिक्वेस्ट पाठवतो. मिळालं नाही, पुन्हा. हजारो क्लायंट एकाच वेळी रिट्राय मारायला लागले की आधीच धापा टाकणारा सर्व्हर पूर्ण झोपतो. रात्री दोन वाजता ऑन-कॉलचा फोन वाजलेला असला की हे आयुष्यभर लक्षात राहतं. शरीराचंही तसंच. हार्टचा स्नायू खराब झालाय हे मेंदूला माहीत नसतं. त्याला एवढंच कळतं की प्रेशर कमी आहे, रक्त पुरत नाहीये. जंगलात असं झालं तर अर्थ एकच, जखम झाली आणि रक्त वाहतंय. मग तो नॉरॲड्रेनॅलिन पाठवतो. अर्धा तास हे चाललं तर जीव वाचतो. महिनोन्‌महिने चाललं तर? १९८४ मध्ये जे कोन आणि सहकाऱ्यांनी हार्ट फेल्युअरच्या १०६ रुग्णांच्या रक्तातलं नॉरॲड्रेनॅलिन मोजलं. ज्यांचं जास्त, ते लवकर गेले.

पण यावरून लगेच सिद्ध काही होत नाही. जास्त नॉरॲड्रेनॅलिनमुळे माणूस मरतोय, की मरायला टेकलेल्याचं शरीर जास्त नॉरॲड्रेनॅलिन सोडतंय? लॉगमध्ये एरर आणि क्रॅश शेजारी शेजारी दिसले म्हणजे एररनेच क्रॅश झाला असं नसतं.

त्याच सुमाराचा दुसरा धागा बघा. १९८२ मध्ये मायकेल ब्रिस्टो आणि मंडळींनी ट्रान्सप्लांटच्या वेळी काढलेली निकामी हार्ट तपासली. त्यांच्यावर बीटा रिसेप्टर जवळजवळ निम्मेच उरले होते. नंतर यंत्रणाही कळली. सतत सिग्नल येत राहिला की पेशीतलं जीआरके नावाचं एन्झाइम रिसेप्टरच्या शेपटीवर शिक्का मारतं, त्या शिक्क्यावर अरेस्टिन नावाचं प्रोटीन येऊन चिकटतं, जी-प्रोटीनचा रस्ता बंद होतो आणि रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो. हे उलगडण्यात मोठा वाटा रॉबर्ट लेफकोविट्झच्या ड्यूक विद्यापीठातल्या प्रयोगशाळेचा. लेफकोविट्झ मुळात हार्टचेच डॉक्टर. २०१२चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना आणि त्यांच्याकडेच काम शिकलेल्या ब्रायन कोबिल्का यांना मिळालं.

खरी मेख इथे आहे. रिसेप्टर निम्मे झालेत, या एकाच डेटाचे दोन अर्थ निघतात. पहिला: बिचाऱ्या हार्टला सिग्नल ऐकूच येईना, म्हणून ते कमजोर आहे, आवाज वाढवा. दुसरा: हार्टने स्वतःहून कानात बोळे घातलेत, कारण ओरडा सहन होईना, त्याला मदत करा, ओरडा कमी करा. दोन्ही ऐकायला पटतात. उपचार मात्र एकदम उलटे.

पहिला अर्थ जास्त लोकांना पटला, आणि त्यात मूर्खपणा काही नव्हता. आजही आयसीयूमध्ये प्रेशर पडलेल्या पेशंटला डोब्युटामिन लावतात, ते याच बीटा रिसेप्टरला चालू करतं, आणि काही तासांसाठी ते कामाला येतं. मग हेच रोज, गोळीने का नको? मिलरिनोन नावाचं औषध होतं. ते रिसेप्टरला हात लावत नाही, पण सायक्लिक एएमपी मोडू देत नाही, म्हणजे परिणाम त्याच वाटेने. गोळीच्या रूपात ते १,०८८ रुग्णांवर तपासलं गेलं आणि १९९१ मध्ये निकाल आला. हार्टचं पंपिंग सुधारणारं औषध घेतलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण डमी गोळीवाल्यांपेक्षा २८ टक्क्यांनी जास्त. आकडा वाचून मी थोडा वेळ स्क्रीनकडे नुसता बघत बसलो. डॅशबोर्ड हिरवा, आणि माणसं मरतायत.

दुसऱ्या अर्थाकडे स्वीडनमधल्या गोथेनबर्गचे काही डॉक्टर आधीच पोचले होते. फिन वॉगस्टाइन, ऑके यालमारसन आणि त्यांच्या साथीदारांनी १९७५ मध्ये सात रुग्णांची हकीकत छापली. हार्टचा स्नायू खराब, बसल्या जागीही ठोके खूप जलद, हालत वाईट. त्यांना यांनी पुस्तकात मनाई असलेले बीटा ब्लॉकर दिले, थोडे थोडे, काही महिने. रुग्ण सुधारले. सात रुग्ण, तुलनेला डमी गोळीचा गट नाही. जगाने विश्वास ठेवला नाही, आणि मी तेव्हा असतो तर मीही ठेवला नसता. सात युजरवर चाललं म्हणून कुणी प्रॉडक्शनला टाकत नाही.

मग हळूहळू मोठे ट्रायल झाले. १९९६ मध्ये अमेरिकेत कार्व्हेडिलॉलचा, १,०९४ रुग्णांचा. डमी गोळीवर ७.८ टक्के गेले, औषधावर ३.२ टक्के. १९९९ मध्ये दोन ट्रायल लागोपाठ आले. बिसोप्रोलॉलच्या २,६४७ रुग्णांमध्ये मृत्यू १७.३ टक्क्यांवरून ११.८ वर. मामांच्या गोळीचा, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या मेटोप्रोलॉलचा, ३,९९१ रुग्णांचा. तिथे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. दोन्ही ट्रायल वेळेआधी थांबवले, कारण फरक इतका स्पष्ट होता की अर्ध्या लोकांना डमी गोळी देत राहणं बरोबर नव्हतं. पुस्तकातली मनाई खोडली गेली आणि तीच गोळी पहिल्या फळीच्या उपचारात आली.

उंदरांनी पण साक्ष दिली. १९९९ मध्येच जर्मनीत वुर्झबर्गच्या संशोधकांनी ज्यांच्या हार्टवर बीटा-१ रिसेप्टर कित्येक पटींनी जास्त आहेत असे उंदीर तयार केले. लहान वयात त्यांचं हार्ट मस्त जोरात चालायचं. पुढच्या काही महिन्यांत स्नायू जाड झाला, चट्टे पडले आणि हार्ट फेल झालं. म्हणजे निदान बीटा-१च्या बाबतीत तरी कानातले बोळे हार्टने शहाणपणाने घातले होते.

रात्री मामांना हे सगळं सांगायचं होतं. जी-प्रोटीन वगैरे सांगण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, "मामा, बैल दमलाय हे बरोबर. पण मागून त्याला दिवसरात्र चाबूक पडतोय. गोळी म्हणजे लोढणं नाही. ती त्याच्या पाठीवर टाकलेली घोंगडी आहे."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "मग मला एवढा थकवा का?"

हा प्रश्न पहिल्यापेक्षा भारी होता. कारण थकवा खरा आहे. चाबकावर चालणाऱ्या बैलाला घोंगडी टाकली तर तो आधी हळूच होणार. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना मेटोप्रोलॉल देऊन पुन्हा पुन्हा इको केले. पहिल्या दिवशी पंपिंग चक्क घसरलं. एका महिन्याने पहिल्याइतकं झालं. तिसऱ्या महिन्याला पहिल्यापेक्षा चांगलं. आणि दीड वर्षात हार्टचा फुगलेला आकारही आक्रसत गेला. म्हणजे ही गोळी रिसेप्टर अडवून लगेच जे करते ते नुकसानीचंच दिसतं. फायदा होतो तो त्या शांततेत स्नायू स्वतःला दुरुस्त करतो त्यामुळे, आणि दुरुस्तीला महिने लागतात. म्हणून डोस अगदी बारीक सुरू करतात. कार्व्हेडिलॉल ३.१२५ मिलिग्रॅमपासून, मेटोप्रोलॉल १२.५ किंवा २५ पासून, आणि साधारण दर दोन आठवड्यांनी वाढवत नेतात. अंगात पाणी साचलेलं असताना, पेशंट अस्थिर असताना तर सुरूच करत नाहीत. जुन्या डॉक्टरांनी पूर्ण डोस एकदम दिला असता तर पेशंट बिघडलाच असता, म्हणजे पुस्तकातली मनाई हवेतून आलेली नव्हती.

मामा तिसऱ्या आठवड्यात होते. बरोबर त्या खड्ड्यात, जिथे त्रास दिसतो आणि फायदा दिसत नाही. हे त्यांना कुणी आधी सांगितलं असतं तर त्यांनी गोळी सोडली नसती असं मला वाटतं. ओपीडीच्या गर्दीत ते राहून गेलं असणार.

आणि अचानक बंद करण्यात वेगळा धोका आहे. घोंगडीखाली पाठ पुन्हा हुळहुळी होते, म्हणजे ब्लॉकर चालू असताना पेशी कमी केलेले रिसेप्टर परत वर आणते. एकदम घोंगडी ओढली की तोच चाबूक जास्त रिसेप्टरवर पडतो. ठोके उसळतात, छातीत दुखू शकतं, काहींना अटॅकपर्यंत जातं. घरात कुणी ही गोळी घेत असेल तर स्ट्रिप संपायच्या आधी नवीन आणा, आणि बंद करायचीच असेल तर डॉक्टरच ती पायरी पायरीने उतरवतील.

संशोधन इथे संपलेलं नाही. मला सगळ्यात आवडलेलं काम २०१० मधलं, लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या मंडळींचं. उंदराच्या हार्टच्या पेशीवर बीटा-२ रिसेप्टर कुठे बसलेत हे त्यांनी अतिसूक्ष्म सुईने चाचपून शोधलं. निरोगी पेशीत ते आत जाणाऱ्या बारीक बोगद्यांमध्ये असतात आणि त्यांचा सायक्लिक एएमपी तिथल्या तिथेच राहतो. फेल झालेल्या हार्टच्या पेशीत ते बोगद्यांबाहेर पृष्ठभागावर येतात आणि सिग्नल पेशीभर पसरतो. लोकल व्हेरिएबल ग्लोबल झाल्यासारखं! ज्याने असा बग शोधलाय त्याला कळेल किती वाईट प्रकार आहे तो. शिवाय जीआरके-२ निकामी हार्टमध्ये वाढलेलं असतं, म्हणून त्यालाच अडवायचे प्रयोग प्राण्यांवर बरेच झालेत. आणि गंमत म्हणजे बीटा-१ रिसेप्टरची पहिली त्रिमितीय रचना २००८ मध्ये केंब्रिजला मिळाली ती माणसाच्या नाही, टर्कीच्या रिसेप्टरची. टर्की म्हणजे तो मोठा कोंबडीसारखा पक्षी. त्याचा रिसेप्टर स्थिर ठेवणं सोपं गेलं.

उलट बाजूचंही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल ही गोळी सगळ्यांनाच हवी. हार्ट अटॅक आला की बीटा ब्लॉकर वर्षानुवर्षं द्यायचा, ही जुनी पद्धत. २०२४ मध्ये मुख्यतः स्वीडनमध्ये झालेल्या ५,०२० रुग्णांच्या ट्रायलमध्ये, ज्यांचा अटॅकनंतरही ईएफ ५० किंवा वर होता त्यांना गोळीने मृत्यू किंवा नव्या अटॅकच्या बाबतीत फरक पडला नाही. ७.९ टक्के विरुद्ध ८.३. ज्या पाठीवर चाबूकच पडत नाही तिच्यावर घोंगडी टाकून काय मिळणार, असं मी समजतो, पण या प्रश्नावर अजून ट्रायल आणि वाद चालू आहेत. स्वीडननेच गोळी आणली आणि स्वीडननेच ती कुणाला नको हे तपासलं, हे मला मनापासून आवडलं.

मामांचं काय झालं? डॉक्टरांनी त्याच दिवशी बोलावलं, थोडं रागावले, डोस निम्म्यावर आणून परत सुरू केला. आता ते १०० मिलिग्रॅमपर्यंत पोचलेत. जिना एका दमात चढतात, दुकानातली झोप मात्र अजून आहे, पण मामी म्हणतात ती आधीपासूनच होती. पुढचा इको दिवाळीनंतर. रिपोर्टचा फोटो आधी मला व्हॉट्सॲपवर येणार आणि त्याच्याखाली एक प्रश्न असणारच. उत्तर सापडलं तर तो पण एपिसोड करू. भेटू पुढच्या रविवारी.